धावपळीच्या दिवसातली छोटी इबादत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इमारतीतल्या आम्ही काही बायका रविवारी दुपारी एकीच्या घरी जमतो. कुरआनचं एक पान, त्याचा मराठी अर्थ, मग चहा. चहाच्या वेळी जे प्रश्न निघतात, तेच लोकलच्या डब्यात निघतात, आणि नोकरीला लागलेले भाचे-पुतणेही फोनवर तेच विचारतात. म्हणून रोजच्या इबादतीबद्दलची (उपासनेबद्दलची) उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, राहते मुंब्र्याला, माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. जिथे मसल्याचा (धर्मनियमाचा) प्रश्न येईल तिथे आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारून घ्या.

दिवसभर उसंत नसते. सुरुवात कुठून करू?

नवा वेळ शोधू नका, तो सापडत नाही. जे काम रोज होतंच, त्याला एक छोटी गोष्ट जोडा.

माझी आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करायची. उकड मळून झाली की गोळा परातीत घ्यायची आणि पहिली थाप मारण्याआधी म्हणायची ‘बिस्मिल्लाह’. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला की ‘सुब्हानल्लाह’. उलटली की ‘अल्हम्दुलिल्लाह’. निखाऱ्यावर टम्म फुगली की ‘अल्लाहु अकबर’, आणि भाकरी टोपलीत. घरात माणसं नऊ, म्हणजे रोज वीसेक भाकऱ्या. लहानपणी मला वाटायचं की हे म्हटल्याशिवाय भाकरी फुगतच नाही.

पुढे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस (पैगंबरांचं वचन किंवा आठवण) वाचली, तेव्हा आईचं परातीपुढचं बसणं आठवलं. अल्लाहला सगळ्यांत प्रिय अमल (कृती) तो, जो नेमाने होतो, मग तो थोडा का असेना. ही हदीस ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे.

तुमच्या दिवसातली भाकरी कोणती ते बघा. दुधाची पिशवी कापणं, स्कूटरची किल्ली फिरवणं, कंप्युटर चालू व्हायची वाट बघणं. त्याला एकच वाक्य जोडा. इतकं छोटं की ताप आलेल्या दिवशीही होईल. ते अंगवळणी पडेपर्यंत दुसरं हाती घेऊ नका. माझ्या मते इथेच बहुतेकांचं चुकतं: एका रात्रीत आठ गोष्टींची यादी होते आणि पंधरा दिवसांत यादी ठेवलेला कागदही सापडत नाही.

पाच नमाजाच अजून नीट होत नाहीत. मग जिक्र (अल्लाहचं स्मरण), नफल (ऐच्छिक इबादत) यांचा काय उपयोग?

उपयोग आहे, पण आधी पाया. हदीसे-कुदसीत (पैगंबरांनी सांगितलेल्या अल्लाहच्या वचनात) अल्लाह सांगतो की बंदा माझ्या जवळ येतो, त्यात मी फर्ज (बंधनकारक) केलेल्या गोष्टींहून मला प्रिय काहीच नाही. त्यानंतर नफलने तो जवळ येतच राहतो. क्रम लक्षात घ्या. शंभर तस्बीह (जप) म्हणून सुटलेली असरची नमाज भरून निघत नाही.

दिवसभरातले फर्ज मोजून बघा: फजर (पहाटे) २, जोहर (दुपारी) ४, असर (दुपार कलल्यावर) ४, मगरिब (सूर्यास्तानंतर) ३, इशा (रात्री) ४. एकूण १७ रकाती (नमाजेची आवर्तनं). घाई न करता चार रकातींना सहा-सात मिनिटं लागतात. म्हणजे सगळे फर्ज मिळून अर्धा तास. एकेका नमाजेला वेळ फार लागत नाही. अडचण येते ती वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं), जागा आणि उठायचं कसं याची. म्हणून ‘मी पाचही सुरू करणार’ असं म्हणण्याआधी, नेमकी कुठली नमाज कुठे अडते ते शोधा. पाचही फर्जच आहेत, त्यातली कुठलीच ऐच्छिक नाही. पण जी सटकते तिच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

माझी असर अडायची. कित्येक वर्षं. चार-साडेचारला नेमकी बिलं यायची आणि भानावर येईपर्यंत उजेड गेलेला असायचा. मग मी एक केलं: दुपारचा चहा नमाजेच्या मागे लावला. आधी असर, मग चहा. ऑफिसात चहावाला हाक मारतोच, त्यामुळे वेगळा अलार्म लागला नाही. आता त्याची किटली खणखणली की हात आपोआप ओढणीकडे जातो.

ऑफिसात वजू आणि नमाज कशी जमवायची?

वजूचं आधी. बेसिनमध्ये पाय वर घेऊन धुणं बाईला अवघड, आणि नंतर फरशीवर पाणी झालं की सफाईवाल्या मावशींना त्रास. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वजू करत अशी हदीस आहे. मुद हे जुनं माप, एक लिटरहूनही कमी पाणी. मी एक लहान बाटली फक्त त्यासाठी ठेवली आहे. नळ सोडून धुतलं की किती पाणी जातं ते त्या बाटलीमुळे कळलं. उन्हाळ्यात आमच्या गावाकडे विहीर तळाला जाते, तेव्हा तर हे जास्तच पटतं.

फजरची वजू टिकवून चामड्याचे मोजे घातले असतील तर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री त्यावर मसह करता येतो, म्हणजे पाय न धुता ओला हात फिरवता येतो. साध्या सुती मोज्यांबाबत मतभेद आहेत, ते विचारून घ्या.

जागेसाठी स्वच्छ कोपरा पुरतो. मुसल्ला (नमाजेचं आसन) घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवा. मुंबईहून किब्ला (काबेची दिशा) पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, साधारण १० अंश. एकदा दिशा नक्की करून भिंतीवरची एखादी खूण लक्षात ठेवली की रोज फोन काढावा लागत नाही.

आणि वरिष्ठांशी एकदा मोकळेपणाने बोला. मी आधी दोन वर्षं लपून, रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या आडोशाला पढत होते. शेवटी सांगितलं, तर सर म्हणाले, ‘मीटिंग रूम तीन ते पाच रिकामीच असते की.’ सगळीकडे असं उत्तर मिळेल असं नाही, माहीत आहे. एका मैत्रिणीला तिच्या आधीच्या नोकरीत नकार मिळाला होता. ती जेवणाच्या सुट्टीत जवळच्या नातेवाईकांकडे जाऊन यायची. पण न विचारताच नकार गृहीत धरू नका.

पुरुषांसाठी जुम्मा (शुक्रवारची सामुदायिक नमाज) आहेच. त्या दिवशी जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे-मागे करून घेणं आणि तेवढं काम संध्याकाळी भरून देणं, हे आधीच ठरवलेलं बरं.

अ‍ॅपवर असरची वेळ एक, मशिदीत दुसरी. खरी कोणती?

दोन्ही. मजहब म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा. शाफई मजहबनुसार वस्तूची सावली (भर दुपारची मूळ सावली सोडून) तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावर आणि मराठवाडा-विदर्भात बहुतेक हनफी, आणि मुंबईत दोन्हींच्या मशिदी शेजारी-शेजारी. म्हणून तासाभराचा फरक दिसतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये असरसाठी मजहब निवडता येतो. तो एकदा निवडा.

घरी परतताना लोकलमध्येच मगरिबची वेळ होते. काय करू?

सूर्यास्ताच्या वेळा पाठ असल्या की अर्धं काम होतं. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासात उलटून. मगरिबची वेळ तासाभराच्या आसपासच असते. म्हणून हिवाळ्यात मी ऑफिसातच मगरिब पढून निघते, पंधरा मिनिटं उशिराची गाडी पकडते. उन्हाळ्यात सहाला निघाले की मगरिबला घरी. प्रश्न उरतो तो मधल्या महिन्यांचा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा स्टेशनजवळची मशीद किंवा ओळखीचं घर माहीत असावं. स्त्रियांसाठी जागा असलेल्या मशिदी कमी आहेत, हे दुःख मोठं आहे आणि ते बोललं पाहिजे. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत मुसल्ला अंथरणं मला बरोबर वाटत नाही. माणसांची वाट मोकळी ठेवणं हासुद्धा सदका (दानधर्म) आहे.

रोजची लोकल म्हणजे शरई सफर (धर्मनियमातला प्रवास) नाही. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, तेसुद्धा नाही. कसरसाठी (प्रवासात नमाज छोटी करण्यासाठी) साधारण ८० किलोमीटरचं अंतर धरतात. रत्नागिरीला निघालात तर वाटेत जोहर, असर, इशाच्या चारऐवजी दोन रकाती. शाफई मतानुसार सफरीत जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात, हनफी मतात त्या आपापल्या वेळीच. मुंबई-पुणे रोज ये-जा करणाऱ्यांनी आपल्या मौलानांना नीट सगळं सांगून विचारावं.

प्रवासात दीड तास जातो. त्याचं काय करता येईल?

मला सगळ्यांत जास्त देणारा वेळ हाच. गाडीत पाय ठेवताना ‘सुब्हानल्लजी सख्खर लना हाजा’ ही दुआ. ती कुरआनातलीच आहे, ४३व्या सूरहमधली (अध्यायातली): ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिलं तो पवित्र आहे, आमच्याने ते झालं नसतं, आणि आम्ही आमच्या रबकडेच परतणार आहोत. ‘परतणार आहोत’ हा शब्द सकाळी आठच्या गर्दीत, दांड्याला लोंबकळत उच्चारून बघा. मुंब्र्यासारख्या स्टेशनावरून रोज चढणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढे कळव्याची खाडी येईपर्यंत इस्तिगफार (क्षमायाचना), ठाण्यानंतर दरूद (पैगंबरांसाठी दुआ). मी स्टेशनांवर मोजते, आकड्यांवर मोजत नाही. बुखारीच्या संग्रहातली अगदी शेवटची हदीस दोन वाक्यांची आहे, जिभेला हलकी आणि तराजूत जड: ‘सुब्हानल्लाहि व बिहम्दिही, सुब्हानल्लाहिल अजीम’. दादर ते भायखळा एवढंच म्हटलं तरी पुष्कळ होतं. ओठ हलवायलाही संकोच वाटत असेल तर मनात म्हणा. स्कूटर किंवा गाडी चालवणाऱ्यांनी मात्र हातात तस्बीह (जपमाळ) किंवा फोन घेऊ नये.

फजरला डोळाच उघडत नाही.

फजर सकाळी चुकत नाही, ती आदल्या रात्री चुकते. रात्री साडेबाराला फोन खाली ठेवून जूनमधली फजर मिळणार कशी? त्या दिवसांत वेळ पावणेपाचच्या आतच सुरू होते आणि सहाला सूर्योदय. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा फजर तुलनेने सोपी. नवी सवय लावायची असेल तर थंडीत सुरू करा.

बुखारीतली एक हदीस मला फार आवडते. झोपलेल्या माणसाच्या डोक्यामागे शैतान तीन गाठी मारतो. उठून अल्लाहचं नाव घेतलं की एक सुटते, वजू केली की दुसरी, नमाज पढली की तिसरी. यातलं बारीक काय, तर तिन्ही गाठी एकदम सोडायला कुणी सांगितलेलं नाही. डोळे मिटलेले असतानाच ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणा. पहिली गाठ सुटली. मग बसा, मग पाण्यापर्यंत जा.

झोपेत राहूनच गेली तर जाग आल्यावर (बरोबर सूर्य उगवत असेल तर थोडं थांबून) कजा पढा, म्हणजे राहिलेली नमाज भरून काढा. ‘आता गेलीच’ म्हणून जोहरपर्यंत लोळू नका.

कुरआन रोज किती वाचावं?

१५ ओळींचा, ६०४ पानी मुसहफ (कुरआनची प्रत) घेतलात तर प्रत्येक नमाजेनंतर ४ पानं म्हणजे ३० दिवसांत जवळजवळ खत्म (पूर्ण वाचन). रमजानमध्ये बरेच जण असं करतात. एरवी रोज एक पान घेतलं तर साधारण एक वर्ष आठ महिने लागतात, आणि माझ्या मते नोकरी करणाऱ्या माणसासाठी हाच वेग चांगला. कारण मग त्याच पानाचा मराठी अर्थ वाचायला दहा मिनिटं उरतात. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मदरशात तीन-तीन वेळा खत्म केला आणि अर्थ चाळिशीत पहिल्यांदा वाचला. मराठी अनुवाद छापील मिळतात, फोनवरही आहेत. आपण ज्या भाषेत रडतो, भांडतो, हिशेब करतो, त्या भाषेत एकदा तरी कुरआन वाचावा.

अरबी येत नसेल तर देवनागरीत लिहिलेल्या अरबीवर कायम अवलंबून राहू नका. सीन, स्वाद आणि से या तीन वेगळ्या अक्षरांना देवनागरीत एकच ‘स’ आहे. उच्चार बिघडतो, अर्थही बदलू शकतो. कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) घेऊन बसा, रोज दोन ओळी. आमच्या रविवारच्या बैठकीत ६१ वर्षांच्या एक चाची आहेत, त्यांनी गेल्या वर्षी अलिफपासून सुरुवात केली. जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे ही हदीस ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग मला घाई कसली?’

पाळीच्या दिवसांत सगळी घडी मोडते. परत कशी बसवायची?

त्या दिवसांची नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. रोजे मात्र नंतर ठेवायचे. पण जिक्र, दुआ, दरूद, इस्तिगफार, कुरआन ऐकणं यावर बंदी नाही. मी त्या दिवसांत नमाजेच्या वेळी पाच मिनिटं त्याच जागी बसते आणि तस्बीह म्हणते. घड्याळ शरीरात चालू राहतं, मग आठव्या दिवशी असर पुन्हा नव्याने शिकावी लागत नाही. आणि हे अल्लाहनेच दिलेले दिवस आहेत. ‘माझी इबादत तुटली’ असं मनाला लावून घेऊ नका.

लहान मूल अंगावर आहे. शांतपणे दोन रकातीसुद्धा होत नाहीत.

होणार नाहीतच. पैगंबर (स.) नमाज पढवताना मागून मुलाचं रडणं ऐकू आलं की आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घेत. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा घेत. या वर्षांत फर्ज सांभाळा. दूध पाजताना जिक्र करा. बाकीचं मूल चालायला लागल्यावर.

दणक्यात सुरुवात केली, तीन आठवड्यांत सगळं सुटलं. आता लाज वाटते.

हे रमजाननंतर दरवर्षी होतं. मशिदीत रमजानच्या सत्ताविसाव्याला चप्पल ठेवायला जागा नसते आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी फजरला एकच सफ (रांग).

पैगंबर (स.) एकदा मशिदीत आले, तर दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली. विचारलं, कशाला? सांगितलं, तुमच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) थकल्या की हिला धरून उभ्या राहतात. ते म्हणाले, सोडा ती. उत्साह आहे तोवर नमाज पढा, थकलात की बसा. आपले सोबती हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना त्यांनी सांगितलं होतं, अमक्यासारखा होऊ नकोस, तो रात्री उठायचा आणि मग सोडून दिलं. रोज रोजे आणि रात्रभर नमाज करणाऱ्या याच अब्दुल्लाहना त्यांनी बजावलं की तुझ्या शरीराचा, डोळ्यांचा, बायकोचाही तुझ्यावर हक्क आहे.

म्हणून परत सुरू करताना आधीच्याहून निम्म्यावर या. चार पानं सुटली असतील तर अर्ध्या पानापासून. जुन्या कजा नमाजा डोंगराएवढ्या वाटत असतील तर प्रत्येक फर्जसोबत त्याच वेळेची एक कजा, हा जुना सोपा मार्ग आहे. लाज वाटते ती चांगली खूण आहे, पण तिला दार अडवू देऊ नका.

नफलमधलं एकच निवडायचं तर कोणतं?

पैगंबरांचे सोबती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना त्यांच्याकडून तीन गोष्टींची ताकीद मिळाली होती: दर महिन्याला तीन रोजे, चाश्तच्या (सूर्य वर आल्यावरच्या ऐच्छिक नमाजेच्या) दोन रकाती आणि झोपण्यापूर्वी वित्र (इशानंतरची विषम रकातींची नमाज). झोपण्यापूर्वी वित्र बहुतेकांना जमतं. हनफींकडे तर ती वाजिबच (फर्जच्या खालोखाल बंधनकारक) आहे, सोडायची नाही. चाश्त सुट्टीच्या दिवशी सुरू करा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करण्यातच दिवस जातो. ही इबादत धरायची का?

धरायची. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांची, म्हणजे कोकणच्या कुतुबांची (थोर सूफी संतांची) गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगतात. आईने रात्री पाणी मागितलं. ते आणेपर्यंत तिला झोप लागली. उठवायचं कसं म्हणून ते पेला हातात घेऊन पहाटेपर्यंत उभे राहिले. १५व्या शतकातला एवढा मोठा आलिम, कुरआनचा भाष्यकार, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पाण्याचा पेला.

माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा दोन वर्षं माझी चाश्त, तहज्जुद (रात्री उठून पढायची ऐच्छिक नमाज) सगळं थांबलं. रात्री दोनला त्यांची कूस बदलायला उठायचे, तेव्हा मनात नियत (इबादतीचा संकल्प) करायची. काम तेच, पण त्याचं ओझं वेगळं लागायचं. एवढंच की सेवेच्या नावाखाली फर्ज सुटू देऊ नका, आणि घरातल्या पुरुषांनीही हा सवाब एकट्या सुनेला देऊ नये. वडील त्यांचेच आहेत.

अ‍ॅपमध्ये रोजची खूण करावी का?

सुरुवातीचे काही आठवडे करा. नंतर सोडा. खूण हुकली म्हणून जास्त वाईट वाटायला लागलं आणि नमाज हुकली म्हणून कमी, तर अ‍ॅप काढून टाका. आणि सदक्याच्या डब्यात रोज टाकलेल्या दोन रुपयांचा फोटो कुणाला पाठवू नका.

झोपताना फक्त दोन मिनिटं उरतात. त्यात काय करू?

तस्बीहे-फातिमा. पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा (रजि.) यांचे हात जातं दळून दुखावले होते. वडिलांकडे मदतीला माणूस मागायला गेल्या, भेट झाली नाही. रात्री पैगंबर (स.) स्वतः घरी आले, फातिमा आणि त्यांचे पती अली झोपायला गेलेले, त्यांना उठू दिलं नाही, आणि म्हणाले की तुम्ही मागितलं त्याहून चांगलं सांगू का? झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. हजरत अली (रजि.) यांनी ते पुढे कधीही सोडलं नाही, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा नाही.

आपल्या आज्यांनीही जातं ओढलेलं आहे, त्या हातांचे घट्टे आपण पाहिले आहेत. दिवसभर उभं राहून, टाइप करून, भांडी घासून हात दुखतात तेव्हा हीच तस्बीह बरी वाटते. मोजायला मणी लागत नाहीत. एका बोटाची तीन पेरं, अंगठ्यालाही तीन धरायची, एका हाताची १५, दोन्हींची ३०, आणि वर तीन. माझी धाकटी मुलगी अजून माझ्याच बोटांवर मोजते, अंधारात, एकेक पेर दाबून.